शिकेकाईनं केस चिकट होतायत म्हणून सोडा लावू नका

तुम्ही लिहिलंय की महिनाभर शॅम्पू बंद करून शिकेकाईनं न्हाताय, वाळल्यावर केस मेण फासल्यासारखे लागतात, कंगव्यावर करडा-पांढरा थर येतो, आणि कुणीतरी सुचवलं म्हणून येत्या रविवारी खाण्याचा सोडा लावून बघणार आहात. एवढं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. सोडा लावू नका. बाकीचं सवडीनं वाचा, पण हे आजच ऐका.

मी डॉक्टर नाही. डोक्यावर चट्टे असतील, चाई पडली असेल किंवा बाळंतपणानंतर झुबकेच्या झुबके गळत असतील, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तुमचा कंगव्यावरचा थर मात्र मी चांगला ओळखते.

माझं माहेर कोकणात. तिथं आजी शेंगा उकळायची, विहिरीच्या पाण्यानं न्हायचं, केस मऊ. लग्नानंतर पुण्याजवळ आले, घरात बोअर आणि टँकरचं पाणी. नोकरीमुळे उकळत बसायला वेळ नाही म्हणून मी दुकानातून ‘शिकेकाईची’ वडी आणली. वेष्टनावर शेंगांचं चित्र होतं, मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. ती वडी म्हणजे साबण, त्यात थोडी शिकेकाई. साबण आणि क्षाराचं पाणी एकत्र आलं की पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला आतून पांढरट थर धरतो ना, तोच. तो केसांवर बसतो आणि आणखी साबण लावून वाढतच जातो. शेंगेचा किंवा रिठ्याचा फेस सॅपोनिनचा, म्हणजे वनस्पतीतल्याच फेस आणणाऱ्या द्रव्याचा असतो, त्याचा असा साका होत नाही. तुम्ही नुसतं ‘शिकेकाई’ लिहिलंय. शेंग, पूड की वडी, हे आधी सांगा.

मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. चिकटपणा घालवायला एक मोठा चमचा सोडा मगभर पाण्यात, आठवड्यातून दोनदा, असं सुरू केलं. पहिल्या दिवशी केस करकर वाजले इतके स्वच्छ. मी मैत्रिणींना फोन करून सांगितलं, त्याचं अजून वाईट वाटतं. डोक्याच्या त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५.५, म्हणजे किंचित आम्लाकडे. सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर, म्हणजे अल्कलीकडे. अशा पाण्यात केस फुगतो, त्याच्या वरचे खवले उघडतात, ओले केस एकमेकांवर घासून झिजतात, आणि त्वचेचं तेल पार निघून जातं. तिसऱ्या आठवड्यात कोंडा समजून मी सोडा वाढवला. दुसऱ्या महिन्यात उशीवर केसांचे तुकडे दिसायला लागले. मी त्याला गळती म्हणत होते. डॉक्टरांनी ते तुकडे हातात घेऊन दाखवलं की एकालाही मुळाकडची पांढरी गाठ नाही. केस गळत नव्हते, मधूनच तुटत होते. चार महिन्यांचा सोडा, आणि कमरेपर्यंतची वेणी खांद्याशी कापावी लागली. केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो. दोन वर्षं गेली पाठीपर्यंत यायला.

मला सगळ्यात जास्त नडलं ते ‘धीर धर, केसांना सवय व्हायला सहा आठवडे लागतात’ हे वाक्य. डोक्यातल्या तेलग्रंथी मुख्यतः संप्रेरकांच्या हुकमावर चालतात, आपण शॅम्पू लावतो की शिकेकाई हे त्यांना कळत नाही. माझं स्पष्ट मत: तीन न्हाणी झाली तरी केस चिकट किंवा राठ, तर पद्धत चुकतेय. सहनशक्ती वाढवू नका, पद्धत बदला.

पाण्याचंही बघा. आमच्या सोसायटीच्या कार्यालयात पाण्याचा अहवाल मागायला मी पाच वेळा गेले. एकदा ‘सेक्रेटरी नाहीत’, एकदा ‘टाकी धुतल्यावर बघू’, शेवटी ‘तुम्हालाच कसा त्रास होतो?’ मी रडकुंडीला आले होते. मग स्वतःच बाटली भरून प्रयोगशाळेत दिली. कठीणपणा, म्हणजे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, लिटरला ५४० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. कार्यालयाची वाट बघण्यात मी वर्ष घालवलं, तुम्ही घालवू नका.

आता मी काय करते. पाठीपर्यंतच्या केसांना सात-आठ शेंगा, बी काढलेले तीन रिठे, आवळकाठीचे चार-पाच तुकडे, रात्रभर लिटरभर पाण्यात. सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळायचं, निवलं की हातानं कुस्करायचं आणि जुन्या मलमलीतून दोनदा गाळायचं. गाळणं टाळू नका. पुडीचा लेप थेट केसांत थापला की भुसा अडकतो आणि तो काढताना आपण केस ओढतो. रिठा वाढवायचा मोह होतो, कारण फेस येतो, पण जास्त रिठ्यानं माझे केस झाडूसारखे झाले. बेसन तेलकट डोक्याला चालतं, लांब केसांत मात्र गोळे होतात, मला आवडत नाही.

काष्ठौषधींच्या दुकानातून अख्ख्या शेंगाच घ्या, पुडीत काय दळलंय ते दिसत नाही. घरच्या मिक्सरवर दळायला जाऊ नका, घरभर शिंका. तेल आदल्या रात्री दोन चमचेच, वाटीभर चंपी केलीत तर शिकेकाईला ते निघणार नाही. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा, त्यात अर्ध्या लिंबाचा रस लिटरभरात. लिंबू थेट चोळू नका. केस रंगवत असाल तर आधी एका बटेवर करून बघा, आवळा-शिकेकाईनं फिका रंग काळवंडू शकतो.

आणि डोळे घट्ट मिटून, डोकं मागे टाकून ओता. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं. लगेच भरपूर साध्या पाण्यानं धुवा, लाली राहिली तर डॉक्टर गाठा. लहान मुलीला न्हाऊ घालणार असाल तर रिठा वगळाच.

उरलेलं पाणी फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं, आंबूस वास आला की फेकायचं. चोथा मोरीत टाकू नका, जाळी तुंबते, कुंडीत घाला.

वडी असेल तर आजपासून बंद करा. पाणी कुठलं आणि तेल किती लावता ते लिहा, मग प्रमाण सांगते.