वाचकांचे प्रश्न : प्रिंटर ‘ऑफलाइन’ का दिसतो?

प्रश्न : वीज जाऊन आली किंवा राउटर बंद करून चालू केला, की लॅपटॉपवर आमचा वाय-फाय प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागतो. मोबाइलवरून मात्र त्याच वेळी छपाई होते. मी प्रिंटरचे सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतो, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. आता विंडोजच्या यादीत एकाच प्रिंटरच्या तीन नोंदी झाल्या आहेत. प्रिंटर बदलावा का?

उत्तर : नाही, बदलू नका. मोबाइलवरून कागद बाहेर येतो, त्याअर्थी प्रिंटर आणि राउटर यांच्यातील जोडणी शाबूत आहे. लॅपटॉप प्रिंटरला चुकीच्या पत्त्यावर शोधत असावा, अशी दाट शक्यता आहे.

घरातील प्रत्येक उपकरणाला राउटर एक आयपी पत्ता देतो, पण तो ठरावीक मुदतीपुरताच असतो. बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर अनेक राउटर आधीची यादी विसरतात आणि पत्ते नव्याने वाटतात. त्यामुळे काल १९२.१६८.१.१०५ या पत्त्यावर असलेला प्रिंटर आज १९२.१६८.१.११२ वर गेलेला असू शकतो. लॅपटॉप मात्र १०५ वरच मजकूर पाठवत राहतो आणि तिथे आता कोणीच नसते किंवा टीव्ही असतो. मोबाइल सहसा छपाईच्या वेळी नेटवर्कवर प्रिंटर नव्याने शोधतो, म्हणून त्याचे अडत नाही. सॉफ्टवेअर पुन्हा टाकल्यावर तुमचे काम होते तेही याचमुळे: ते टाकताना नवा पत्ता नोंदला जातो. सॉफ्टवेअर मुळात बिघडलेलेच नव्हते.

खात्री करून घेण्यासाठी, पुढच्या वेळी प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसेल तेव्हा काहीही काढण्यापूर्वी प्रिंटरच्याच मेनूतून नेटवर्कची माहिती देणारे पान छापा. त्यावरील आयपी पत्ता आणि लॅपटॉपवर प्रिंटरच्या गुणधर्मांतील ‘पोर्ट्स’ या भागात दिसणारा पत्ता शेजारी ठेवून पाहा. दोन्ही वेगळे असतील तर निदान पक्के झाले. तिथे पत्त्याऐवजी ‘डब्ल्यूएसडी’ (विंडोजची नेटवर्कवरील उपकरणे आपोआप शोधण्याची पद्धत) असे लिहिलेले आढळले, तर तुलना करता येणार नाही. पण त्या प्रकारची जोडणीही अनेकदा अशीच तुटते आणि पुढील उपाय तिलाही लागू पडतो.

राउटरच्या सेटिंग्जमध्ये डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या व्यवस्थेच्या, भागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ अशी सोय बहुतेक राउटरांत असते. छापलेल्या पानावर प्रिंटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाची स्वतःची ओळख सांगणाऱ्या दोन-दोन अक्षर-अंकांच्या सहा जोड्या, दिलेला असतो. तो तिथे भरून त्याच्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवा आणि प्रिंटर बंद करून चालू करा. मग लॅपटॉपवरील तिन्ही नोंदी काढून टाका आणि ‘टीसीपी/आयपी’ हा पर्याय निवडून त्या राखीव पत्त्यावर प्रिंटर शेवटचा एकदा जोडा. काही जण प्रिंटरच्याच मेनूत कायमचा पत्ता भरण्याचा सल्ला देतात, पण मला तो पसंत नाही. राउटरला त्याची कल्पना नसते, आणि तोच पत्ता दुसऱ्या उपकरणाला दिला गेला की नवा घोळ सुरू होतो.

प्रश्न : नवा राउटर बसवल्यावर फोन आणि लॅपटॉप लगेच जोडले गेले, पण वाय-फाय कॅमेरा काही केल्या जोडला जात नाही. तो बिघडला असेल का?

उत्तर : तशी शक्यता कमी आहे. असे अनेक कॅमेरे आणि प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात, आणि नवे राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाखाली दाखवतात. फोन ५ वर असताना त्यातील ॲपला कॅमेरा सापडत नाही, असे पुष्कळदा घडते. जोडणीपुरता ५ चा पट्टा बंद ठेवा आणि काम झाल्यावर पुन्हा सुरू करा. तरीही जमले नाही, तर सुरक्षेचा प्रकार पाहा: राउटर केवळ ‘डब्ल्यूपीए३’वर असेल तर जुनी उपकरणे त्याला जोडलीच जात नाहीत, त्यामुळे ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय निवडा. नव्या राउटरला जुन्याचेच नाव आणि पासवर्ड अक्षरशः जसेच्या तसे दिले, इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांसह, तर एरवी कॅमेरा पुन्हा जोडण्याची वेळही सहसा येत नाही.