सेतू केंद्राच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड व्होल्टेजनं जळाला; तो बदलल्यावर लिनक्स मिंट (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू होत नाही, ‘बूट डिव्हाइस नाही’ दिसतं; फॉरमॅट करावं लागेल का?

नाही, फॉरमॅट मारू नका. राळेगावच्या दुकानात कुणी सुचवलं तरी नाही, कारण व्होल्टेजनं बोर्ड जळाला म्हणजे सेतू केंद्राचा डेटा गेला असं होत नाही. मिंट कुठून सुरू करायचं ही नोंद यूईएफआय, म्हणजे कॉम्प्युटर चालू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, जुन्या बोर्डाच्या मेमरीत ठेवतं. बोर्डासोबत ती गेली, एवढंच. आधी बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) डिस्क दिसते का बघा. दिसत नसेल तर डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल काढून पक्की बसवा. दिसत असेल तर ‘ॲड बूट ऑप्शन’मध्ये डिस्कवरचा ईएफआय फोल्डर उघडा, त्यातल्या ‘उबुंटू’ फोल्डरमधली, नाव ‘शिम’नं सुरू होणारी फाइल निवडा. हो, मिंट उबुंटूवर बेतलेलं असल्यानं फोल्डर उबुंटूच्याच नावाचा असतो. असा पर्याय नसेल तर मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करता मिंट चालतं) कॉम्प्युटर यूईएफआय मोडमध्ये सुरू करून त्यातलं ‘बूट रिपेअर’ हे दुरुस्तीचं टूल चालवा. ते कधी कधी नेट मागतं, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावून ठेवा. आणि मधेच लाइट गेली तरी बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर. मात्र जुन्या बोर्डावर मिंट लेगसी मोडमध्ये (यूईएफआयच्या आधीच्या जुन्या पद्धतीनं) टाकलं असेल, तर हे काही न करता आधी बायॉसमध्ये सीएसएम, म्हणजे ती जुनी पद्धत चालू देणारी सेटिंग, चालू करून पाहा.