सह्याद्रीत एवढा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा गोठून झालेला काळा दगड आहे, मग ज्वालामुखीचा डोंगर कुठे दिसत का नाही?

कारण शंकूसारखा डोंगर इथे मुख्य नव्हताच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबलचक भेगांतून पातळ लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज उरलेलं दख्खनचं लाव्हाचं पठार सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. त्या भेगा बघायच्या असतील तर धुळे-नंदुरबारकडे जा. तिथे भेगेतच गोठलेला लाव्हा भिंतीसारखा मैलोन्‌मैल उभा आहे.

घाटातल्या कापलेल्या कड्यात एकेक प्रवाह मोजता येतो. खाली घट्ट काळा कातळ, वर वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भाग आणि त्यावर कुठेकुठे विटकरी मातीचा पट्टा. म्हणजे पुढचा लाव्हा येईपर्यंत दगड कुजायला वेळ मिळाला होता. बोअरवेलवाल्यांनी हे लक्षात ठेवावं: पाणी सच्छिद्र किंवा तडकलेल्या थरात साठतं, अखंड काळ्यात नाही.

बुडबुड्यांच्या पोकळीतले पांढरे स्फटिक सगळेच गारगोटी नसतात. काचेवर ओरखडा उठला तर गारगोटी म्हणजेच क्वार्ट्‌झ. लिंबाच्या रसाने फेस आला तर कॅल्साइट. दोन्ही नाही झालं, तर बहुधा झिओलाइट हे तिसरंच खनिज.

देशात इतरत्र लाव्हाचेच झारखंडचे राजमहाल डोंगर सुमारे 11.7 कोटी वर्षांचे. जोधपूरचा मेहरानगड तर त्याहून कितीतरी जुन्या, गुलाबीसर रायोलाइट या ज्वालामुखी खडकावर उभा आहे. आजही धगधगतं ते फक्त अंदमानातलं बॅरन बेट.

आणि हो, लोणार ज्वालामुखी नाही. तो उल्कापाताचा खड्डा आहे, फक्त बेसाल्टात पडलेला.