वाचकांचे प्रश्न : मूर्ती, तिचे चित्र आणि तिचे असणे

प्रश्न : अरबी तत्त्वज्ञांनी ग्रीकांचे ग्रंथ जपले आणि पुढे युरोपच्या हवाली केले, असे शाळेपासून वाचत आलो. त्यांनी स्वतःची काही भर घातली का? मी तत्त्वज्ञान शिकलेलो नाही, तेव्हा कृपया उदाहरणाने सांगावे.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : घातली, आणि ती इतकी मोलाची आहे की त्यांना नुसते ठेव सांभाळणारे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. उदाहरणासाठी आपण लालबाग-परळच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात जाऊ.

तिथे शाडूच्या गोळ्याची मूर्ती होताना पाहून अ‍ॅरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२) तिची चार कारणे सांगितली असती : शाडू हे द्रव्य, मातीला गणपतीपण देणारे रूप, घडवणारा मूर्तिकार आणि ज्यासाठी ती घडते ती पूजा. त्याचे गुरू प्लेटो रूपांना या जगापलीकडे स्वतंत्र स्थान देत. अ‍ॅरिस्टॉटलने मात्र रूप त्या मातीतच, वस्तूच्या आतच पाहिले.

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीक ग्रंथ सिरियाक आणि अरबी भाषांत आणले. हुनैन स्वतः ख्रिस्ती होता, आणि ज्याला आपण इस्लामी तत्त्वज्ञान म्हणतो त्याच्या उभारणीत असे अनेक धर्मांचे हात लागले, हे विसरू नये.

पुढे मध्य आशियातल्या बुखाऱ्यात वाढलेल्या इब्न सीना या तत्त्वज्ञाने (९८०–१०३७) आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की, अ‍ॅरिस्टॉटलचे ‘मेटाफिजिक्स’ हे, असणे म्हणजे काय याचा विचार करणारे पुस्तक चाळीस वेळा वाचून, पाठ होऊनही त्याला उमगले नव्हते. मग पुस्तकबाजारात एका विक्रेत्याच्या आग्रहाखातर त्याने तीन दिरहमांना (चांदीच्या नाण्यांना) आधीच्या काळातल्या अल्-फाराबी या तत्त्वज्ञाचे त्याच ग्रंथावरचे एक छोटे पुस्तक घेतले, घरी जाऊन वाचले आणि त्याला अर्थाचा उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी त्याने गरिबांना दान वाटले. ज्ञानाचा असा आनंद मला फार जवळचा वाटतो.

आता त्याची भर पाहू. कारखान्याच्या भिंतीवर पुढच्या वर्षीच्या मूर्तीचे चित्र लावलेले आहे असे समजा. उंची, बैठक, हातांतली आयुधे, सोंडेचे वळण, सारे त्यात ठरलेले आहे. पण ते कितीही बारकाईने पाहिले तरी ही मूर्ती घडणार की नाही, हे त्यातून कळत नाही. वस्तू ‘काय आहे’ ही एक गोष्ट आणि ती ‘आहे’ ही दुसरी, असा हा भेद आहे. ज्याच्या स्वरूपातच असणे अंतर्भूत नाही, ते नुसते संभाव्य. त्याला अस्तित्व बाहेरून मिळावे लागते. मूर्तिकार ते मूर्तीला देतो म्हणावे, तर तो स्वतःही संभाव्यच, आणि अशा संभाव्य गोष्टींची रांग कितीही लांबवली तरी ती सगळी मिळून संभाव्यच राहते. म्हणून ज्याचे असणे स्वतःमुळेच आहे असे काही मानावेच लागते. इब्न सीना त्याला ‘वाजिब अल्-वुजूद’, म्हणजे अनिवार्य अस्तित्व, म्हणतो. अ‍ॅरिस्टॉटलचा ईश्वर जगातल्या गतीचा उलगडा करतो. इब्न सीनाचा प्रश्न, जग मुळात आहे ते का, असा आहे.

अल्-गझाली या इस्लामी धर्मचिंतकाने (१०५८–११११) या तत्त्वज्ञांवर कठोर टीका केली. तिला स्पेनमधल्या कॉर्डोब्याच्या तत्त्वज्ञ इब्न रुश्दने (११२६–११९८) उत्तर दिले खरे, पण इब्न सीनानेच अ‍ॅरिस्टॉटलची वाट सोडल्याचा ठपकाही ठेवला. वाट सोडली हा आरोप म्हणजे नवे काही घडल्याचीच साक्ष आहे, असे मी समजतो. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनस या युरोपातल्या ख्रिस्ती विचारवंताने ‘काय आहे’ आणि ‘आहे’ यांतला तोच भेद आपल्या विचाराच्या पायाशी ठेवला.

प्रश्न : आपल्या ‘अफलातून’ या शब्दाचा प्लेटोशी खरेच संबंध आहे का?
— एक वाचक, दादर

उत्तर : होय. अरबीत ‘प’ हा ध्वनी नाही आणि शब्दारंभी जोडाक्षरही चालत नाही, म्हणून ग्रीक ‘प्लातोन’चे ‘अफलातून’ झाले. रमजानमध्ये महंमद अली रोडवर मिळणाऱ्या मिठाईचे नावही तेच. ‘अक्कल’ हा आपला शब्दही त्या परंपरेतला आहे : ग्रीक ‘नूस’, म्हणजे बुद्धी, या संज्ञेसाठी अरबी तत्त्वज्ञ ‘अक्ल’ हाच शब्द वापरत. आणि भाजीवालीकडे आपण ‘वाजवी भाव’ मागतो, त्यातला ‘वाजिब’ आणि इब्न सीनाच्या ‘वाजिब अल्-वुजूद’मधला ‘वाजिब’ हे एकच आहेत.