छपराखालचं टेनिस: वाचकांचे प्रश्न, कोचची उत्तरं

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलची ‘स्विस इनडोअर्स’ स्पर्धा टीव्हीवर दिसली आणि तेव्हापासून येणाऱ्या पत्रांमध्ये तिचाच विषय आहे. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, इथल्या क्लबात क्ले, म्हणजे मातीच्या, कोर्टवर खेळतो. आम्ही दोघांनी बासेलची फायनल पाहिली. मला वाटतं, छपराखालचं टेनिस म्हणजे नुसती सर्व्हिस. दोन फटक्यांत पॉइंट संपतो. मुलगा म्हणतो, बाबा तुम्हाला कळत नाही. सर, खरं काय ते तुम्हीच सांगा. (सांगलीहून एक वडील)

मी मुलाच्या बाजूनं आहे. पण तुमच्या म्हणण्यातही अर्धं खरं आहे, आधी तेच घेतो.

उघड्यावर सर्व्हिस करणाऱ्याचे हाल मुलाला विचारा. टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू, हातातून सुटला की वारा त्याला चार बोटं इकडे-तिकडे नेतो. एका बाजूनं खेळताना ऊन थेट डोळ्यांत येतं. हॉलमध्ये यातलं काहीच नाही. टॉस रोज, प्रत्येक पॉइंटला, त्याच जागी जातो, आणि ज्याची सर्व्हिस मुळात चांगली त्याची आणखी धारदार होते. २०२४ साली बासेल जिंकला तो फ्रान्सचा जोवानी म्पेत्शी पेरिकार. उंची २.०३ मीटर. फायनलला त्यानं बेन शेल्टनला ६-४, ७-६ असं हरवलं. तेव्हा तुम्ही पत्र लिहिलं असतंत तर उत्तर द्यायला मला जास्त कष्ट पडले असते.

पण तुम्ही पाहिलीत २०२५ ची फायनल. ती जिंकली रिओच्या जोआओ फोन्सेकानं, १९ वर्षांच्या पोरानं, आलेहान्द्रो दाविदोविच फोकिनाविरुद्ध ६-३, ६-४. आणि हा मुलगा हॉलमध्ये वाढलेला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यानं टूरवरचं पहिलं विजेतेपद मिळवलं ते ब्युनोस आयरेसला, क्ले कोर्टवर. तुमच्या चिरंजीवांना हे जरूर सांगा.

आता उरलेलं अर्धं. वारा नाही याचा फायदा रिटर्न करणाऱ्यालाही होतो. चेंडू खड्ड्यात पडून उडत नाही, रेषेवर घसरत नाही, बाउन्स प्रत्येक वेळी अपेक्षेइतकाच येतो. त्यामुळे ज्याची नजर आणि पाय तयार आहेत तो बेसलाइनच्या आत पाऊल टाकून चेंडू चढत असतानाच मारू शकतो. पॅरिसची इनडोअर मास्टर्स स्पर्धा सर्वांत जास्त वेळा, म्हणजे ७ वेळा, जिंकलेला माणूस कोण? नोव्हाक जोकोविच. एटीपी या पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची वर्षअखेरची ‘एटीपी फायनल्स’ स्पर्धाही त्यानं ७ वेळा जिंकली, तीही हॉलमध्येच. जोकोविचला कुणी नुसता सर्व्हिसवर जिंकणारा म्हणेल का? त्याच्याइतका चांगला रिटर्न मी तरी कुणाचा पाहिला नाही.

उलट बाजू पाहा. राफाएल नदाल पॅरिसची ही मास्टर्स एकदाही जिंकला नाही, एटीपी फायनल्सही नाही. हॉलमधल्या हार्ड कोर्टावर त्याचं एकमेव विजेतेपद २००५ चं, माद्रिदचं, आणि तेही इव्हान ल्युबिचिचविरुद्ध दोन सेट मागे पडल्यावर ओढून आणलेलं. त्याचा टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेनं गरगरत जाणारा चेंडू, क्लेवर समोरच्याच्या खांद्यावर चढायचा. हॉलमध्ये तोच चेंडू कमरेच्या आसपास, मारायला सोयीच्या उंचीवर यायचा.

कोर्टाबद्दलही एक गैरसमज आहे, की हॉल म्हणजे कोर्ट जलदच. तसं काही नाही. अशा हॉलमध्ये एरवी संगीताचे कार्यक्रम होतात, दुसरे खेळ होतात. स्पर्धेपुरत्या लाकडी फळ्या जोडून त्यावर ॲक्रिलिक रंगाचे थर देतात. त्या रंगात बारीक वाळू किती आणि कशी मिसळली यावर वेग ठरतो. वाळू भरड असेल तर चेंडू अडतो आणि रॅली लांबते. म्हणजे कोर्ट किती जलद ठेवायचं हे आयोजकांच्या हातात असतं. पूर्वी कार्पेटवर खेळायचे तेव्हा चेंडू खरंच घसरत जायचा. बासेलला २००६ पर्यंत कार्पेट होतं. २००९ पासून एटीपीच्या मुख्य टूरवरून ते गेलंच.

पुढच्या वेळी दोघं बसाल तेव्हा सर्व्हिस करणाऱ्याकडे पाहूच नका. रिटर्न करणाऱ्याचे पाय पाहा. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागायच्या क्षणी तो जागच्या जागी छोटी उडी घेतो, दोन्ही पाय फाकवून उतरतो आणि उतरतानाच कुठल्या बाजूला जायचं ते ठरलेलं असतं. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत होतं. दोन फटक्यांत संपलेल्या पॉइंटमध्ये खेळ दिसत नाही असं मग तुम्ही म्हणणार नाही.

फेडरर बासेलला १० वेळा जिंकला. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, म्हणून सोपं गेलं असेल का? (नाशिकहून एक निवृत्त शिक्षिका)

ताई, निकाल क्रमानं लावून पाहा. १९९८ साली, १७ वर्षांचा असताना, तो इथे पहिल्यांदा मुख्य स्पर्धेत उतरला आणि आंद्रे अगासीनं त्याला ६-३, ६-२ असं घरी पाठवलं. २००० साली फायनलला थॉमस एन्क्विस्टकडून हरला, २००१ साली टिम हेन्मनकडून. पहिलं विजेतेपद आलं २००६ ला. तोवर त्याच्याकडे विम्बल्डनचे चार चषक होते आणि आपल्या गावचा एकही नव्हता. घरच्यांसमोर खेळण्याचं ओझं किती असतं हे यावरून कळतं. शेवटचं, दहावं, २०१९ ला, ॲलेक्स डी मिनॉरला ६-२, ६-२ हरवून.

मला त्याच्या दहा चषकांपेक्षा १९९२ आणि १९९३ ही वर्षं मोलाची वाटतात. त्या दोन्ही वर्षी तो याच स्पर्धेत बॉलबॉय होता. त्याची आई स्पर्धेच्या कामात मदत करायची. अकरा-बारा वर्षांचं पोर कोर्टाच्या कडेला गुडघ्यावर बसून जगातल्या उत्तम खेळाडूंना टॉवेल देतं, चेंडू देतं, त्यांचा श्वास ऐकतं. कुठल्याही कोचिंगमध्ये हे देता येत नाही. पुढे जिंकायला लागल्यावर तो फायनलनंतर बॉलबॉय-बॉलगर्ल्सच्या गळ्यात स्वतः पदकं घालायचा आणि त्यांच्याबरोबर बसून पिझ्झा खायचा. स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक शहरानं बासेलकडून एवढं तरी घ्यावं: बॉलबॉय गावातल्या शाळांमधून निवडा, आणि त्यांना नीट शिकवून, मान देऊन कोर्टावर उभं करा. बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात एटीपीची स्पर्धा होती तेव्हा चेंडू उचलणाऱ्या मुलांचे चेहरे मी पाहिलेत. ती स्पर्धा पुण्यातून गेली याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते या मुलांसाठी.

लाइनवर वाकून उभी राहणारी माणसं दिसली नाहीत. आउट कोण देतं? (ठाणे)

कॅमेरे. २०२५ पासून एटीपी टूरवर लाइन कॉल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं होतात आणि ‘आउट’ हा आवाजही रेकॉर्ड केलेला असतो. खुर्चीवरचे अंपायर मात्र आहेत. निर्णय अचूक आले हे चांगलंच. पण लाइन अंपायरिंग करत करत खुर्चीपर्यंत पोचण्याचा रस्ता आपल्याकडच्या किती तरी जणांनी धरला होता. तो बंद होतोय, आणि त्याला पर्याय काय याचा विचार संघटनांनी लवकर करायला हवा.

मी झुरिकला नोकरी करते. पुढच्या ऑक्टोबरमध्ये सासूबाई येणार आहेत, त्यांना बासेलला न्यायचं आहे. कुठल्या दिवसाचं तिकीट काढू आणि कुठे बसू?

फायनलचा हट्ट धरू नका. मंगळवार किंवा बुधवार घ्या. एकेरीत ३२ खेळाडू असतात, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत एकाच तिकिटावर एकामागून एक सामने पाहायला मिळतात. बाजूच्या जागांपेक्षा बेसलाइनच्या मागची, थोडी वरची जागा बरी: मान सारखी वळवावी लागत नाही आणि चेंडू कसा वळतो ते दिसतं. तिथेही फार उंच न जाता बसलात तर आणखी एक गोष्ट मिळेल, ती म्हणजे आवाज. हॉलमध्ये तो विरून जात नाही. सपाट फटक्याचा टणक ‘ठक’ आणि चेंडू खालून कापणाऱ्या स्लाइसचा खरवडल्यासारखा आवाज डोळे मिटूनही ओळखू येतो. पॉइंट चालू असताना जागेवरून उठू देत नाहीत, हे सासूबाईंना आधी सांगून ठेवा. दुहेरीचा एखादा सामनाही सोडू नका.

मी शाळेत पीटी शिकवतो. जूनपासून आमचं कोर्ट चिखलात जातं. युरोपात हॉल आहेत, आपल्याकडे नाहीत. पावसाळ्यात मुलांनी करायचं काय? (कोल्हापूर जिल्हा)

तिकडे थंडीमुळे हॉल बांधावे लागले. बासेल, व्हिएन्ना, पॅरिस, तुरीन, रॉटरडॅम या स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाहीतर फेब्रुवारीत येतात त्या त्यामुळेच. आपली थंडी टेनिसला उत्तम, म्हणून छपराची गरज कुणाला भासली नाही. पण आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे, आणि तेवढ्या काळात वाढत्या वयाच्या मुलाचा हात जातो. हॉल हवेत, हे माझं ठाम मत आहे. कोर्ट २३.७७ बाय १०.९७ मीटरचं असलं तरी मागची-बाजूची मोकळी जागा धरून साधारण ३६ बाय १८ मीटर लागतात, आणि नेटवर ९ मीटर उंची. एका शाळेला हे झेपणार नाही, तालुक्याच्या क्रीडासंकुलाला झेपेल.

आपले खेळाडू छपराखाली कमी पडतात असंही समजू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये डेव्हिस चषकात भारतानं स्वित्झर्लंडला त्यांच्याच बील शहरातल्या हॉलमध्ये ३-१ हरवलं. अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळणाऱ्या दक्षिणेश्वर सुरेशनं पदार्पणातच जेरोम किमला सरळ सेटमध्ये हरवलं, आणि सुमित नागल दोन्ही एकेरी जिंकला.

तोवर तुमच्याकडे बॅडमिंटनचा हॉल किंवा उंच छताचं सभागृह असेल तर पावसाळा टॉसला द्या. उघड्यावर वाऱ्यामुळे हात कुठे चुकतो ते मुलांना कळतच नाही, आत लगेच कळतं. मुलाला सर्व्हिसच्या पवित्र्यात उभं करा. पुढच्या पायाच्या बोटांसमोर, वीतभर अंतरावर, जमिनीवर रॅकेट ठेवा, जाळी वर करून. चेंडू बोटांच्या पेरांत धरायचा, तळहातात नाही. हात कोपरातून न वाकवता खांद्यातून वर न्यायचा आणि चेंडू डोळ्यांच्या थोडा वर आला की सोडायचा. मारायचा नाही, पडू द्यायचा. तो रॅकेटच्या जाळीवर सलग दहा वेळा पडायला लागला की मगच त्या मुलाच्या हातात रॅकेट द्या.