पांढरे जाणे, खाज आणि घरचा झाडपाला

प्रश्न : पावसाळा लागला की मला नाजूक जागी खाज सुटते आणि अंगावरून नासलेल्या दुधासारखे घट्ट पांढरे जाते. सासूबाई कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आतून धुवायला सांगतात, तर शेजारच्या काकू लसणाची पाकळी आत ठेवायला सांगतात. कोणाचे ऐकावे? (वय 34, जांबोटी परिसर)

उत्तर : दोघींचेही नको. तुम्ही लिहिलेली लक्षणे कँडिडा या बुरशीची वाटतात, आणि कडुलिंब, लसूण, हळद यांतील द्रव्ये प्रयोगशाळेत या बुरशीची वाढ रोखतात हे खरे आहे. मात्र काचेच्या बशीला आग होत नाही, योनीच्या नाजूक त्वचेला होते. कच्च्या लसणाने ती अक्षरशः भाजल्यासारखी होते. धुण्याने वेगळे नुकसान होते: योनीत राहणारे उपकारक लॅक्टोबॅसिलस जीवाणू तिथे आम्लता टिकवून इतर जंतूंना आवरतात, आणि आतून धुतले की तेच वाहून जातात, मग ते पाणी कडुलिंबाचे असो वा त्रिफळ्याचे.

एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण पांढरे जाणे म्हणजे दर वेळी बुरशीच असे नाही. मासळीसारखा वास येत असेल तर बहुधा जीवाणूंचा त्रास असतो; स्राव पिवळट-हिरवा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या परजीवीची शंका घ्यावी लागते आणि मग पतीलाही औषध द्यावे लागते. बुरशीच ठरली, तर क्लोट्रिमाझोलची 500 मिलिग्रॅमची एकच गोळी रात्री योनीत ठेवणे बहुतेकींना पुरते. तुमच्याकडच्या पावसात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, हे मी जाणून आहे. तरी दमट निकर अंगात घालू नका, निदान इस्त्री फिरवून ती कोरडी करा.

प्रश्न : मला मधुमेह आहे. वर्षभरात हा त्रास चौथ्यांदा झाला. मलम लावले की थांबतो, पुन्हा येतो. लोध्राचा काढा घेऊ का? (वय 52, निपाणी)

उत्तर : आयुर्वेदात श्वेतप्रदरासाठी, म्हणजे पांढरे जाण्यासाठी, लोध्र सांगितला आहे आणि जाणकार वैद्यांच्या देखरेखीखाली तो घेण्यास माझी हरकत नाही, बाजारातील बिननावाच्या पुडीला मात्र आहे. पण तुमच्या बाबतीत मूळ साखरेत आहे. रक्तातील साखर चढलेली राहिली की बुरशीला आयते खाद्य मिळते, म्हणून आधी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. शिवाय आपल्या गोळ्यांच्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन हे नाव आहे का, तेही पाहा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि त्यामुळेच काही स्त्रियांना ही खाज वारंवार होते. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. वर्षात तीन-चार वेळा त्रास होत असेल तर स्रावाची कल्चर तपासणी (त्यातील जंतू वाढवून ओळखणे) करून पुढे सहा महिने आठवड्यातून एकदा फ्लुकोनाझोल ही बुरशीविरोधी गोळी देण्याची पद्धत आहे. तुमच्या इतर औषधांशी त्याचे जुळते का, हे आधी पाहावे लागेल.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. तुरटीच्या किंवा टाकणखाराच्या पाण्याने धुतले तर चालेल का? (वय 26, शहापूर, बेळगाव)

उत्तर : चालणार नाही. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. त्यापासून बनणाऱ्या बोरिक आम्लाच्या कॅप्सूल चिवट बुरशीसाठी डॉक्टर कधीकधी योनीत ठेवायला देतात, पण गरोदरपणात त्या वर्ज्य आहेत आणि पोटात गेल्यास विषारी ठरतात. फ्लुकोनाझोलची तोंडी गोळीही सध्या टाळा. क्लोट्रिमाझोल सात रात्री योनीत वापरणे, हाच गरोदरपणातील रुळलेला उपाय आहे. तो आपल्या डॉक्टरांना विचारून सुरू करा.

प्रश्न : खोबरेल तेल लावल्याने बरे वाटते. लावत राहू का? (वय 29, चिकोडी)

उत्तर : बाहेरच्या कोरड्या, खाजऱ्या त्वचेवर बिनवासाचे शुद्ध तेल थोडे लावायला हरकत नाही, पण त्याने बुरशी जात नाही. निरोध वापरत असाल तर एवढे ध्यानात ठेवा की तेलाने त्याचे रबर कमकुवत होऊन तो फाटू शकतो.