सिमिलॅरिटी ११ वरून ८३ टक्के झाली? आधी वरचा स्रोत पाहा

तुमच्या पेपरच्या पहिल्या मसुद्याला ११ टक्के सिमिलॅरिटी (म्हणजे इतर मजकुराशी जुळणी), दुरुस्त प्रतीला थेट ८३, आणि आता पॅराफ्रेझिंग टूल (वाक्यं आपोआप बदलून देणारं सॉफ्टवेअर) वापरू का, असं तुम्ही विचारलंय. हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. टूल वापरू नका. टर्निटिन या जुळणी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालात स्रोतांची यादी असते, त्यातला सर्वांत वरचा स्रोत पाहा. तिथे 'सबमिटेड टू', पुढे तुमच्याच संस्थेचं नाव आणि 'स्टुडंट पेपर' असं दिसलं, तर तो तुमचाच मसुदा असण्याची दाट शक्यता आहे.

तपासणी लावतानाच फाइल रिपॉझिटरीत (म्हणजे पुढच्या तपासण्यांसाठीच्या साठ्यात) साठवायची की नाही, हे निवडता येतं. ती निवड आपल्या हातात नसते, तपासणाऱ्याच्या खात्यात असते. आमची तपासणी ज्या कार्यालयाकडे होती त्यांनी पहिला मसुदा साठवून टाकला, आणि मग सुधारित प्रत त्याच्याशी जुळणारच. पण खिडकीवर उत्तर एकच: "आकडा जास्त आहे, पुन्हा लिहून आणा." तो एक स्रोत वगळून अहवाल काढता येतो म्हटलं, तर "तसा नियम नाही." नियम दाखवा म्हटलं, तर साहेब रजेवर. साठवलेली प्रत कायमची काढायची विनंती विद्यार्थ्याच्या खात्यातून जात नाही. ती शिक्षकाच्या खात्यातून करावी लागते आणि संस्थेचा अ‍ॅडमिन ती मंजूर करतो. एवढी साधी गोष्टसुद्धा त्या खिडकीवर कुणी सांगितली नाही, दुसऱ्याच विभागातल्या एका सीनियरकडून कळली. तोवर त्या आकड्यापायी माझी सरळ वाक्यं मोडूनतोडून झाली होती. पुढे समीक्षकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं: नमुना निवड कशी केली, काही कळत नाही. मूळ मसुद्यात ते स्वच्छ लिहिलेलं होतं!

म्हणून तोंडी बोलत बसू नका. गाइडना मेल करा, दोन्ही अहवाल जोडा, त्या स्रोतावर खूण करा आणि 'हा स्रोत वगळून अहवाल द्यावा' असं लेखी मागा. कार्यालयाला सीसीत ठेवा. लेखी मागितलं की नियम सापडतात, असा माझा अनुभव. तुमच्याकडे वेगळंही असेल.

आकड्याबद्दल माझं मत जरा कडवट आहे. सिमिलॅरिटी म्हणजे वाङ्मयचौर्य नव्हे, हे टर्निटिन स्वतःच सांगतं. संदर्भसूची आणि अवतरणं फिल्टरने वगळली की आकडा बराच उतरतो. पंचवीस टक्के जुळणी शंभर ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असेल तर मला फारशी चिंता वाटत नाही, पण एकाच पेपरमधून उचललेला आठ टक्क्यांचा सलग परिच्छेद असेल तर वाटते. स्वतःच्या जुन्या पेपरमधला पद्धती विभाग थोडाफार पुन्हा आला, तर मूळ पेपरचा संदर्भ देऊन बरेच संपादक चालवून घेतात. निकाल आणि चर्चा विभागात तशी सवलत धरून चालू नका. मी संपादक नाही, तुमच्या जर्नलच्या सूचना अंतिम.

टूलला नाही का म्हणतो? २०२१ मध्ये संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी अशा यांत्रिक फेरफारातून आलेले विचित्र शब्दप्रयोग छापील पेपरांमधून शोधून काढले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी चक्क 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे 'बनावट जाणीव'! त्यातून चौकश्या सुरू झाल्या आणि बरेच पेपर मागेही घेतले गेले. आकडा उतरवायला गेलात आणि नाव गेलं, असं व्हायला नको.

राहिलं फॉरमॅट. आधी जर्नल पहिल्या वेळी कुठलंही फॉरमॅट चालवतं का ते वाचा, एल्सव्हिअर या प्रकाशकाची अनेक जर्नल्स चालवतात. एपीए (संदर्भ लिहिण्याची एक शैली) मागितलं असेल तर आवृत्ती बघा. सातवीत (२०१९) तीन किंवा जास्त लेखक असले की मजकुरात पहिल्यांदाच 'एट अल.' (आणि इतर) लिहायचं, सूचीत मात्र २० पर्यंत सगळी नावं द्यायची. सहावीचे नियम वेगळे होते, आणि विभागात फिरणारे जुने नमुने बहुतेक तिचेच असतात. संदर्भ हाताने टाइप करू नका, झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या. फक्त त्यातलं 'अनलिंक सायटेशन्स' मूळ फाइलवर कधीच दाबू नका. त्यानंतर संदर्भ नुसता मजकूर होऊन बसतात आणि शैली बदलता येत नाही. आधी कॉपी काढा, मग तिच्यावर दाबा.